चालण्याच्या जोडीला भार हवा

पहाटे देवदर्शन आणि त्यानंतर दोन-तीन किलोमीटर चालणे, हा आपल्या अनेक कुटुंबांतील नित्यक्रम स्तुत्य आहे. परंतु दिवसभर पेढीवर बैठक मारून बसणाऱ्या व्यापाऱ्यास तेवढे पुरेसे होत नाही. चालण्याने हृदय व फुप्फुसे सुदृढ होतात, योगासनांनी सांधे लवचीक राहतात. मात्र वयाबरोबर घटत जाणारे स्नायूंचे बळ राखण्यास त्यांना भार द्यावाच लागतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामासोबत किमान २ दिवस स्नायुबळाचा व्यायामही सांगितला आहे.

४८ मिनिटांच्या सामायिकानंतर आसनावरून आधाराविना उठता यावे, खमासमणे देताना गुडघे डळमळू नयेत, शत्रुंजयाची यात्रा डोलीवाचून व्हावी, असे वाटत असेल तर हे बळ आजपासूनच जोपासावे. प्रथम हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. मग एक-दोन किलोचे डंबेल घ्यावेत व भार क्रमाक्रमाने वाढवावा. भार उचलताना श्वास रोखू नये. रक्तदाब वा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

सूर्यास्तापूर्वीच्या भोजनात मूग, हरभरा यांसारख्या डाळींना स्थान असावे. उपवासाच्या दिवशी डंबेल बाजूस ठेवावेत. घरातील ज्येष्ठ श्राविकांनीही हा व्यायाम अवश्य करावा. उतारवयात पडण्याचा धोका त्याने कमी होतो.