आधी हिरड्या, मग इम्प्लांट

साठीच्या पुढचा माणूस खुर्चीत बसतो आणि तोंड उघडायच्या आधीच सांगून मोकळा होतो, ‘डॉक्टर, आता काही शिल्लक ठेवू नका. सगळेच काढा आणि वर-खाली पक्के दात बसवून टाका. पायरियाची कटकट एकदाची जाऊ दे.’ सोबत मुलगा नाहीतर सून असते. त्यांच्या मोबाइलवर एक जाहिरात असते. सोमवारी दात काढले, गुरुवारी आजोबा कणीस खातायत.

त्यांचा वैताग मला कळतो. वर्षानुवर्षं भाकरी आमटीत कुस्करून खायची, दिवाळीत चकलीला हात लावायचा नाही, तोंडाला वास येतो म्हणून बोलताना ओठांपुढे रुमाल धरायचा. अशा माणसाला पक्क्या दातांची आस लागली तर त्यात नवल काय? माझं भांडण आहे ते फक्त त्यांच्या शेवटच्या वाक्याशी. सगळे दात काढले की पायरिया जातो, ही समजूत चुकीची आहे. हिरड्यांची डॉक्टर म्हणून ती मोडून काढण्यात माझा बराच वेळ जातो, आणि तो घालवायची माझी तयारी आहे. कारण इथे झालेली चूक काही लाखांची असते आणि काढलेला दात परत येत नाही.

दात आणि हिरडी यांच्यात एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल. तिथे जिवाणूंचा थर साचत गेला की शरीर त्याच्याशी लढायला उतरतं, सूज येते आणि सूज वर्षानुवर्षं टिकली की दाताभोवतीचे तंतू आणि हाड झिजायला लागतात. हाच पायरिया. हाडाचं बरंचसं नुकसान जिवाणू थेट करत नाहीत. ते होतं आपल्याच शरीराच्या लढाईत. ही लढाई प्रत्येकाच्या शरीरात सारख्या जोमाने होत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे.

हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या मजुरांचे दात तपासले. या मजुरांना ब्रशची सवय नव्हती आणि दंतवैद्य त्यांना दिसतही नव्हता. सगळ्यांच्या दातांवर घाणीचा थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरीही १९८६ साली छापलेल्या निष्कर्षांत तीन गट निघाले. साधारण ८ टक्के लोकांचे दात भराभर गेले, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीने सैल होत गेले आणि ११ टक्क्यांचं दुखणं हिरडीच्या सुजेपलीकडे गेलंच नाही. घाण तीच, शरीरं वेगळी. त्या ८ टक्क्यांतला माणूस दात काढून घेतल्याने ११ टक्क्यांत जात नाही. त्याचं शरीर तेच राहतं. दात गेल्यावर पायरियाचे जिवाणू संख्येने खूप कमी होतात हे खरं, पण जिभेवर, घशात, लाळेत त्यांचा थोडाफार मुक्काम राहतोच. नवीन स्क्रू बसले की त्यांना पुन्हा जागा मिळते.

हे स्क्रू म्हणजे टायटॅनियमचे इम्प्लांट. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रेनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची एक बारीक नळी बसवून आतला रक्तप्रवाह बघत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना, हाडाने तिला घट्ट धरलं होतं. त्यातून दातांच्या इम्प्लांटचा जन्म झाला. १९६५ साली गोस्टा लार्सन या गृहस्थांना ते पहिल्यांदा बसवले. २००६ साली ते वारले तोवर ते दात त्यांच्या तोंडात काम करत होते. पुढे लिस्बनच्या पाउलो मालो यांनी एका जबड्यासाठी चारच इम्प्लांट वापरायची पद्धत रूढ केली. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके. तिरके अशासाठी, की वर सायनसची पोकळी आणि खाली ओठाला संवेदना देणारी नस चुकवता यावी. पायरियाने मागचं हाड खाल्लेल्या माणसालाही हाडाची कलमं न लावता त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत तात्पुरते पक्के दात मिळू लागले. माझा या शोधावर राग नाही. ज्यांचे दात खरोखरच गेलेले असतात त्यांच्या ताटात त्याने भाकरी परत आणली आहे.

पण दात आणि इम्प्लांट यांच्या मुळाशी एक मोठा फरक आहे. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे घुसलेले असतात आणि बाहेरून येणाऱ्या संसर्गाला थोपवतात. इम्प्लांटभोवती तसे तंतू घुसत नाहीत, ते त्याला समांतर, नुसते बिलगून असतात. म्हणून तिथे सूज आली की ती हाडापर्यंत लवकर पोचते. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे जाहिरातीतलं वाक्य खरं आहे. त्याच्याभोवतीचं हाड मात्र झिजतं. त्या दुखण्याला पेरि-इम्प्लान्टायटिस म्हणतात. ते सहसा दुखत नाही. टोकाशी थोडं हाड शिल्लक असेपर्यंत इम्प्लांट हलतही नाही, त्यामुळे रुग्णाला पत्ताच लागत नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटना २०१७ साली शिकागोत एकत्र बसल्या, तेव्हा त्यांनी या दुखण्याच्या ठळक कारणांत तीन गोष्टी धरल्या: पूर्वी झालेला तीव्र पायरिया, नीट न होणारी स्वच्छता आणि नियमित तपासणीला न येणं. सगळे दात काढून इम्प्लांट मागायला येणाऱ्या माणसाकडे यातली पहिली गोष्ट असतेच. उरलेल्या दोन बहुतेक वेळा असतात.

कराडच्या बाजूच्या एक मावशी मुलासोबत आल्या होत्या. मुलगा पुण्यात नोकरीला. एका दवाखान्यातून वर-खाली सगळे दात काढून आठ इम्प्लांट बसवायचा लेखी खर्चाचा कागद त्याने आणला होता, कर्जाच्या हप्त्यांसकट. मोठा एक्स-रे काढलेला होता, पण हिरड्या कोणी मोजलेल्या नव्हत्या. आमच्याकडे मिलिमीटरच्या काळ्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई असते. एकेका दाताभोवती ती सहा ठिकाणी अलगद उतरवायची. मी आकडे सांगत गेले, सहायक मुलगी लिहीत गेली. वरच्या दाढांना सात, आठ, नऊ. त्यातल्या दोन बोटाने दाबल्या तर वर-खाली होत होत्या. मग खाली आलो. खालच्या पुढच्या दातांना चार, तीन, चार, एका सुळ्याला पाच. हे दात काढायचे कशासाठी?

आणखी एक गोष्ट दिसली. खोली एवढी, पण रक्त फारसं येत नव्हतं. मी मावशींना विचारलं, ‘मिश्री लावता?’ त्यांनी मुलाकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. सकाळी, दुपारी जेवल्यावर आणि रात्री निजताना. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासायची म्हणून सुरू होते आणि सुटता सुटत नाही. तंबाखू हिरड्यांचा रक्तपुरवठा दाबून ठेवतो, म्हणून आतली सूज बाहेर दिसत नाही. ‘माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही,’ असं विडी ओढणारा किंवा मिश्री लावणारा छाती ठोकून सांगतो तेव्हा मी जास्त सावध होते.

मावशींच्या रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांचा आकडा नऊच्या वर होता. सातच्या वरचा आकडा आम्ही पायरिया वेगाने वाढवणारा धरतो. अशा वेळी हाडाला भोक पाडायची घाई का करावी? हे नातं उलट्या बाजूनेही चालतं. मधुमेहींच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत हा आकडा सरासरी ०.४च्या आसपास उतरतो, असं एकत्र तपासलेल्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे इम्प्लांटच्या आधीची सफाई नुसती तोंडापुरती राहत नाही.

मावशींच्या वरच्या हलणाऱ्या दाढा काढल्या. उरलेल्या दातांची हिरडीखालून, मुळापर्यंत सफाई केली, भूल देऊन, एकेक बाजू. मिश्रीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ती सोडवायला मी त्यांच्या सुनेची मदत घेतली, दटावून काही उपयोग नव्हता. तीन महिन्यांनी पुन्हा सळई उतरवली तेव्हा खालचे आकडे तीनवर आले होते आणि साखर सव्वासातवर. वरचे मात्र वाचण्यासारखे नव्हते, ते मी स्पष्ट सांगितलं. वर इम्प्लांटवर पूर्ण दात बसले, खालचे त्यांचे स्वतःचे राहिले. कागदावरचा खर्च निम्म्यावर आला. मुलाने विचारलं, ‘मग आधी असं का नाही सांगितलं कोणी?’ त्याला मी काय उत्तर देणार? मोजायला वेळ लागतो, थांबायला त्याहून जास्त लागतो, आणि या दोन्हींचे पैसे रुग्ण सहसा देत नाही.

थांबण्याचाही अतिरेक नको. हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलेलं असताना, दाबलं की पू येत असताना केवळ ‘आपला दात’ म्हणून वर्षं काढणारेही मला भेटतात. तो संसर्ग उरलंसुरलं हाडही खातो आणि पुढे इम्प्लांटलाही जागा ठेवत नाही. अशा दातांना वेळेवर निरोप द्यावा. मी विरोध करते तो चांगले दात केवळ आखणीला आड येतात म्हणून उपटण्याला. पूर्ण जबड्याच्या कामात कृत्रिम हिरडीला जागा मिळावी म्हणून पुष्कळदा चांगलं हाडही तासून खाली आणावं लागतं. हे रुग्णाला आधी सांगितलंच पाहिजे. तसंच रुग्णानेही आपली औषधं लपवू नयेत. विशेषतः हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन. त्यांच्यामुळे जबड्याची जखम भरून न येण्याचा धोका असतो. बायका ही औषधं दातांच्या डॉक्टरला सांगायची म्हणून लक्षातच ठेवत नाहीत.

दात बसल्यावर मी त्यांची खालची बाजू बघते, जी आरशात कधी दिसत नाही. हिरडीवर टेकणारा तो भाग बाहेरच्या बाजूला गोलसर आणि गुळगुळीत हवा, म्हणजे दोरा एका बाजूने घालून पुसत दुसऱ्या बाजूने काढता येतो. तोच भाग घोड्याच्या खोगिरासारखा पोकळ बनवला असेल तर आत अडकलेली भाताची शितं तिथेच कुजतात. दिसायला दोन्ही कामं सारखीच सुंदर. म्हणून पक्के दात बसवायच्या आधी डॉक्टरला विचारा, ‘याच्याखाली दोरा कसा घालायचा ते करून दाखवा.’ इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. दहा वर्षांनी एखादा बारीक स्क्रू ढिला झाला तर तो उघडायला त्याच कंपनीची किल्ली लागते, आणि तोवर तो दवाखाना तिथे असेलच असं नाही. पायरिया होऊन गेलेल्या माणसाने दर तीन-चार महिन्यांनी सफाईला यावं, आणि हाडाची पातळी एक्स-रेवर वेळोवेळी बघून घ्यावी.

हे सगळं रोज कोण करणार, हा प्रश्न मी घरच्यांसमोर विचारते. गेल्या महिन्यात एक आजोबा आले, ऐंशीच्या उंबरठ्यावर, संधिवाताने बोटं वाकलेली. त्यांच्या हातात दोरा दिला आणि नमुन्याच्या जबड्यावर साफ करून दाखवा म्हटलं. बराच वेळ झटले, दोरा आत जाईना. त्यांना खाली पक्के दात बसवले असते तर वर्षभरात त्याखाली सूज आली असती. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती कमी प्रतीची नाही. खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी खाली एकही दात नसलेल्यांसाठी हीच पहिली पसंती ठरवली होती. रात्री कवळी काढायची, नळाखाली ब्रशने घासायची, ती दोन बटणं मऊ ब्रशने पुसायची. खर्च पक्क्या दातांच्या मानाने पुष्कळ कमी. आजोबांची सून म्हणाली, ‘एवढं तर मीही करून देईन.’ पुढच्या आठवड्यात त्यांच्या हिरड्यांची सफाई सुरू करतोय.