डॅफोडिलचा हट्ट आणि दख्खनची माती

इंग्रजी अमदानीने या देशात ज्या अनेक आवडीनिवडी रुजविल्या, त्यांत एका अशा फुलाची ओढ आहे, की जे आपल्यापैकी बहुसंख्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलेही नसते. १८०२ च्या एप्रिलमध्ये उल्सवॉटर सरोवराच्या काठी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डॉरथी यांना वाऱ्यावर डोलणारी डॅफोडिले दिसली. तिने ती रोजनिशीत टिपून ठेवली, त्याने पुढे त्यांवर कविता रचली, १८०७ साली ती छापली गेली, आणि कालांतराने क्रमिक पुस्तकांच्या कृपेने ती अशा असंख्य मुलांच्या तोंडी बसली, ज्यांच्या अंगणात तगर, जास्वंद आणि अबोली यांपलीकडे फारसे काही फुलत नव्हते. त्या मुलांपैकी काहींच्या हाती आज पैसा आहे, दारी बाग आहे, आणि दिवाळी सरली की डॅफोडिलचे कंद कोठे मिळतील याची चौकशी सुरू होते.

ही हौस निंद्य आहे असे आमचे म्हणणे नाही. मात्र ती पुरविण्याची जी रीत प्रचारात येत आहे, तिला बागकाम म्हणावे की काय, याची आम्हांस शंका आहे. कंद आणावेत, कागदी पिशवीत घालून १२ ते १६ आठवडे फ्रिजमधील भाजीच्या कप्प्यात ठेवावेत, त्या मुदतीत तेथे सफरचंद वा केळे ठेवण्यास सक्त मनाई करावी, कारण पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदाच्या पोटातील कळी मारून टाकतो. शिवाय घरच्या मंडळींनी कांदा समजून तो फोडणीस टाकू नये म्हणून पिशवीवर ठळक ताकीद लिहावी, कारण त्यात लायकोरीन नावाचे, वांत्या घडवून आणणारे विष असते. एवढा बंदोबस्त केल्यावर कुंडीत लावलेला कंद फुलतो, हे खरे; पण तोच कंद पुढील वर्षी पुन्हा फुलेल ही आशा बहुधा व्यर्थ ठरते.

पिवळ्या तुतारीच्या डॅफोडिलचा कंद फूल ओसरल्यावर सुमारे सहा आठवडे हिरव्या पानांच्या कमाईवर पुढील वर्षाची शिदोरी जमवितो, मग कोरड्या उन्हाळ्यात निजतो, त्या निद्रेतच आत नवी कळी घडवितो, आणि सुमारे ९ अंश सेल्सियसच्या आतली दीर्घ थंडी भोगल्याखेरीज तिचा दांडा वर काढीत नाही. दख्खनच्या पठारावर यांतील एकही अट धड पुरी होत नाही. पुण्यात जानेवारीतील काही रात्री १० अंशांखाली उतरतात खऱ्या, परंतु दुपारी पारा ३० च्या आसपास रेंगाळत असल्यामुळे माती अशी गार होतच नाही. मार्चच्या उन्हात पाने अकाली करपून शिदोरी अर्धीच राहते. आणि याहूनही मोठे अरिष्ट पुढे असते, ते पावसाचे.

उष्णतेची तक्रार सारेच करतात, पावसाचा उच्चार कोणी करीत नाही, याचे नवल वाटते. डॅफोडिलच्या वंशाचे मूळ ठिकाण स्पेन-पोर्तुगाल आणि भूमध्य समुद्राभोवतीचा मुलूख. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपला मोसमी पाऊस नेमका कंदाच्या निद्राकाळात, जून ते सप्टेंबर, कोसळतो. उबदार ओल्या मातीत फ्युझेरियम बुरशी कंदाच्या बुडाशी शिरते, आणि दसऱ्याच्या सुमारास उकरून पाहावे तर हाती लगदा येतो. महाबळेश्वरच्या थंडीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी तेथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हेही हिशेबात धरावे.

मग उष्ण मुलखाने हे फूल सोडूनच द्यावे काय? मुळीच नाही. डॅफोडिलच्याच वंशात टझेटा नावाची एक शाखा आहे, एका दांड्यावर लहान सुगंधी फुलांचा झुबका धरणारी. जिच्याशी प्रेयसीच्या नेत्रांची तुलना करताना फारसी आणि उर्दू शायर कधी थकले नाहीत ती नर्गिस हीच (आमच्या पिढीस हे नाव रुपेरी पडद्यामुळे अधिक परिचित, ही गोष्ट निराळी). दीनानाथ नादिम यांनी १९५३ साली जिच्यावर काश्मिरी संगीतिका रचली ती येंबरझलही हीच. आणि चिनी नववर्षाला थाळीतल्या खड्यांवर नुसत्या पाण्यात फुलविली जाते तीही हीच. हिची सख्खी बहीण शोभावी अशा पेपरव्हाइटला तर थंडीची गरजच भासत नाही. या गटाच्या कंदात कळी धरते तीच मुळी २५ ते ३० अंशांच्या उष्म्यात. इस्राएलमधील उद्यानतज्ज्ञांनी तिची ‘झीवा’ ही जात सिद्ध करून कंदांचा परदेशी व्यापार उभा केला. अमेरिकेच्या टेक्सस-लुईझियाना भागात घरे पडून गेली, कुंपणे नाहीशी झाली, वहिवाट संपली, तरी टझेटा आणि तिचीच नातलग जाँक्विल यांच्या रांगा हिवाळ्याअखेर उगवून जुन्या अंगणाची हद्द आजही दाखवितात.

आपल्याकडे पेपरव्हाइट कुंडीतच, रेताड, निचऱ्याच्या मातीत नोव्हेंबरात लावावी, पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत कापू नयेत, आणि मे संपण्यापूर्वी कुंडी आडवी करून पडवीत, पावसाचा शिंतोडा लागणार नाही अशा जागी सारावी. तिचा दर्प काहींना सोसत नाही. बंद दिवाणखान्यात तिला नेऊ नये हे बरे. आणि ज्यांना मोसमी पावसाशी भांडण नसलेलेच फूल हवे, त्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पहिल्या सरींबरोबर उमलणाऱ्या पांढऱ्या पँक्रेशियम पार्व्हमकडे पाहावे: ते डॅफोडिलच्याच कुळातले, मध्यभागी तशीच नाजूक वाटी मिरविणारे आहे. मात्र ते जेथे आहे तेथेच पाहावे. डोंगरावरून कंद उपटून आणण्याइतके ते मुबलक नाही. बागेसाठी त्याच कुळातले क्रायनम रोपवाटिकेत मिळते, आणि पावसाला ते भीत नाही.

राहता राहिला प्रश्न पुष्पप्रदर्शनांचा. पुण्याच्या एम्प्रेस बागेत वा अन्यत्र भरणाऱ्या प्रदर्शनांत कंदफुलांचे पारितोषिक देताना परीक्षक फुलाचा आकार, रंग आणि ताठपणा पाहतात; परंतु आधीच थंडी देऊन विकत आणलेला कंद फुलविण्यात पैशाखेरीज फारसे कौशल्य लागत नाही, आणि त्याच्याशेजारी तिसऱ्या वर्षी त्याच मातीत पुन्हा फुललेली किरकोळ पेपरव्हाइट उभी केली तर ती निष्कारण हरते. म्हणून आमची सूचना अशी, की प्रवेशपत्रिकेत कंद कोणत्या वर्षी लावला हा एक रकाना वाढवावा, ताज्या विकतच्या कंदांचा वर्ग वेगळा काढावा, आणि मोठी ढाल पुन्हा फुललेल्या जुन्या कंदांच्या वर्गासाठी राखून ठेवावी.