कंसाबाहेरचा भाव

निमगाव सावाला गेलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "खेड्यातल्या पोरांचं गणित कच्चं!" मंडळी, मला हे अजिबात मान्य नाही. पोरं कच्ची नसतात, आपण गणित उलट्या टोकाने शिकवतो.

फळ्यावर आधी येतं अ(ब + क) = अब + अक. नाव वितरण गुणधर्म. करा पाठ! मग पोरं २(क्ष + ३) चे २क्ष + ३ करतात आणि आपण कपाळावर हात मारतो. हेच नारायणगावच्या टोमॅटो बाजारात मांडून बघा. समजा, सकाळी ३८ क्रेट गेले, दुपारी १२. भाव दोन्ही वेळा २५० रुपये. हिशेबपट्टीत ३८ क्रेटचे पैसे धरले आणि बाकीच्या १२ क्रेटचे नुसते बारा रुपये मिळवले, तर तेच पोर भांडायला उठेल. भाव दोन्ही ढिगांना लागतो, एवढाच तर नियम! आणि भाव वेगवेगळे असतील तर ते एका कंसाबाहेर निघत नाहीत, हेही त्याला सांगावं लागत नाही.

बरं, हे काही परकं नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) १३५ गुणिले १२ असं उदाहरण आहे. १२ चे ८ आणि ४ करा: १०८० + ५४० = १६२०. नाहीतर २० ने गुणून आठपट वजा करा: २७०० − १०८०, तरीही १६२०. आपली सवायकी तरी दुसरं काय होती? बाराची सव्वापट म्हणजे बारा आणि बाराचा पाव, पंधरा.

आणि आज? माझ्या भाचीने ९८ × ७ साठी ७०० − १४ लिहिलं. उत्तर ६८६, बरोबर. तरी वहीत लाल फुली, कारण "ही पद्धत नाही". म्हणे, सगळ्यांची एकच पद्धत असली की तपासायला सोपं जातं. अहो, पण शाळा तपासणाऱ्याच्या सोयीसाठी आहे का? ७(१०० − २) आणि ७ × ९८ यांची किंमत एकच, हे ओळखणं म्हणजेच सममूल्य राशी कळणं. जे शिकवायचं, तेच आपण खोडतो!

"पूर्वी पाढे पाठ होते" म्हणून उसासे टाकणाऱ्यांनाही एक विचारतो. सवायकी का जुळते, हे किती जणांना सांगता येत होतं?

असो. आज घरातल्या पोराची वही उघडा. बरोबर उत्तरावर फुली दिसली, तर गप्प बसू नका.