मीटरचा आकडा आणि ग्राहकाचा हक्क

घराच्या छतावर सौर पॅनेल बसविले की विजेचे बिल नाहीसे होते, अशी समजूत आज देशभर रुजविली जात आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले. परंतु अनुदान हातात पडले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. उरलेली रक्कम सामान्य कुटुंब साठवणीतून किंवा कर्जातून उभी करते, आणि ती भरून निघण्याचा सारा हिशेब भिंतीवरच्या एका मीटरवर अवलंबून असतो. तो मीटर चुकला, तर ऊन फुकट मिळूनही वीज महाग पडते.

म्हणून हा हिशेब प्रत्येक ग्राहकाने स्वतः समजून घेतला पाहिजे. समजा, तीन किलोवॉटच्या संचाने महिन्यात ३६० युनिट वीज निर्माण केली. त्यांतील १५० युनिट दिवसा घरातच वापरले गेले आणि २१० युनिट तारांवाटे बाहेर गेले. रात्री घराने १८० युनिट बाहेरून घेतले. म्हणजे घराचा एकूण वापर ३३० युनिट झाला, बिलावर आयात १८० व निर्यात २१० दिसली पाहिजे, आणि नेट मीटरच्या पद्धतीत ३० युनिट पुढील महिन्याच्या खात्यात जमा झाले पाहिजेत. “३६० युनिट निर्माण झाले असता निर्यात २१० च कशी?” अशी तक्रार पुष्कळदा केली जाते. ती गैरसमजातून येते, हे मान्य केले पाहिजे. घरात जागच्या जागी वापरलेली वीज नेट मीटरपर्यंत पोचतच नाही.

पण प्रत्येक तक्रार गैरसमजाचीच असते, असे म्हणून ग्राहकाला वाटेला लावणे हा शुद्ध अन्याय आहे. चोरीला आळा घालण्यासाठी अनेक जुने इलेक्ट्रॉनिक मीटर असे बनविलेले असतात की, वीज कोणत्याही दिशेने गेली तरी आकडा पुढेच सरकतो. नेट मीटर बसण्यापूर्वीच संच सुरू झाला, तर वरील घराच्या नावावर १८० आणि २१० मिळून ३९० युनिटांचा वापर चढतो. सौर संच नसता तर ३३० युनिटांचेच बिल आले असते! नव्या मीटरची जोडणी उलटी झाली, तर आयात २१० आणि निर्यात १८० होते, आणि ३० युनिट जमा होण्याऐवजी ३० युनिटांचे बिल हाती पडते.

दोष कोठे आहे हे शोधण्यास तीन जागा तपासाव्या लागतात : छत, मीटर आणि कचेरी. पावसाळ्यातील ढग, पॅनेलवरील धूळ, नव्याने वाढलेल्या झाडाची सावली यांनी निर्मितीच घटते. वीज गेली की बॅटरी नसलेला साधा संच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो, आणि भर दुपारी तारांवरचा दाब फार वाढला तरीही तो थांबतो. इन्व्हर्टरचा आकडाच कमी असेल, तर मीटरला दोष देण्यात अर्थ नाही. निर्मिती ठीक असेल, तर स्वच्छ उन्हाच्या दुपारी सौर संच चालू ठेवून घरातील बाकी सर्व उपकरणे तासभर बंद ठेवावीत. निर्यातीचा आकडा निर्मितीइतकाच वाढला पाहिजे आणि आयातीचा जागचा हलता कामा नये. रात्री याच्या उलट घडले पाहिजे. बॅटरी नसताना सूर्यास्तानंतर निर्यात वाढू लागली, तर जोडणी उलटी आहे याला आणखी पुरावा कशाला हवा? मात्र मीटरच्या सीलला कोणीही हात लावू नये. मीटरही बरोबर असेल, तर चूक कचेरीत आहे. नव्या मीटरचा सुरुवातीचा आकडा, मागील महिन्यांची शिल्लक आणि निर्यातीची नोंद या तीन गोष्टी बिलावर ताडून पाहाव्यात.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. मीटर कंपनी तपासते, नोंद कंपनी ठेवते, बिलही कंपनीच काढते. मग चूक सिद्ध करण्याचा भार एकट्या ग्राहकावर का? वीज कायदा, २००३ च्या कलम ४२ अन्वये तक्रार निवारण मंच आणि त्यावर लोकपाल आहे. ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, मीटरची नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसविला पाहिजे आणि तो किमान तीन महिने ठेवला पाहिजे. हा हक्क कागदावर आहे. तो मागितल्यावाचून पदरात पडत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चुकीच्या बिलाचा राग दारात येणाऱ्या मीटर वाचकावर काढणे सोपे असते. तो बहुधा कंत्राटी कामगार असतो. मीटर निवडणे, जोडणीची तपासणी ठरविणे किंवा बिलाची यंत्रणा चालविणे त्याच्या हाती नसते. जाब विचारायचा तो वरिष्ठ कचेरीला, आणि तोही लेखी.

नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांचा दरही सर्वत्र सारखा नाही. बडोदे, इंदूर, बेळगाव वा हैदराबाद येथील मराठी कुटुंबाला महाराष्ट्राचा नियम लागू पडत नाही. म्हणून जेथे आपण राहतो तेथील वीज नियामक आयोगाचा नियम मिळवावा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस निर्मिती, आयात व निर्यात हे तीन आकडे वहीत लिहावेत आणि मीटरचे छायाचित्र घ्यावे. वस्तीतील आपल्या सभासदांनी शेजारच्या पाच घरांना एवढे शिकविले, तरी मोठे काम होईल. एकट्या ग्राहकाच्या तोंडी तक्रारीला कचेरीत उत्तर मिळत नाही. पाच घरांच्या पाच वह्या एकाच टेबलावर ठेवल्या गेल्या, म्हणजे ते द्यावेच लागते.