बर्फ पाहिला, म्हणून बर्फ वाचला? : ध्रुवीय जलपर्यटनाच्या एका दाव्याची झडती

१/ २३ नोव्हेंबर २००७. अंटार्क्टिकातील किंग जॉर्ज बेटानजीक ‘एक्स्प्लोरर’ नावाचे लाल रंगाचे प्रवासी जहाज बर्फावर आदळले आणि आत पाणी शिरू लागले. १५४ माणसे उघड्या जीवरक्षक नौकांत उतरली आणि गोठवणाऱ्या थंडीत कित्येक तास मदतीची वाट पाहत राहिली. ‘नॉर्डनॉर्गे’ हे दुसरे पर्यटक जहाज त्या समुद्रात होते, म्हणून सारे वाचले. ‘एक्स्प्लोरर’ मात्र त्याच दिवशी टाक्यांतील डिझेलसह तळाला गेले.

२/ हे जहाज साधेसुधे नव्हते. ध्रुवीय जलपर्यटनाचा आजचा व्यवसाय ज्या जहाजाने उभा केला, तेच हे. लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन उद्योजकाने १९६९ साली ते खास अशा सफरींसाठी बांधून घेतले. मूळ नाव ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’. १९७२ मध्ये ते अंटार्क्टिकात खडकावर चढले आणि १९७९ मध्ये पुन्हा चढले. दोन्ही वेळा ते सुटले, दुरुस्त झाले आणि पुन्हा प्रवाशांना घेऊन निघाले.

३/ लिंडब्लाडने जहाजाबरोबर एक विचारही पाण्यात सोडला. माणूस जे पाहत नाही ते त्याला ठाऊक होत नाही, आणि जे ठाऊक नाही ते तो राखत नाही. म्हणून ध्रुवप्रदेश पाहून परतलेला प्रत्येक प्रवासी त्या प्रदेशाचा ‘राजदूत’ होईल, असा हा विचार. त्याची श्रद्धा प्रामाणिक असावी. आज मात्र त्या श्रद्धेचे जाहिरातीत रूपांतर झाले आहे. मुंबई-पुण्यातून अंटार्क्टिकाच्या सहली विकल्या जातात, तेव्हाही ग्राहकाला हेच पुण्य विकले जाते. या धाग्यात तपासायचे आहे ते एवढेच : इतिहास या दाव्याच्या बाजूने साक्ष देतो काय?

४/ आधी कालक्रम. उत्तरेकडील परंपरा जुनी. थॉमस कुकच्या कंपनीने १८७५ मध्ये प्रवाशांना नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ केपला नेले. १८९६ मध्ये स्पिट्सबर्गेनच्या ॲडव्हेंट उपसागरात पर्यटकांसाठी हॉटेलही उभे राहिले. दक्षिणेत आरंभ उशिरा झाला. १९५८ साली ‘लेस एक्लेरर्स’ हे अर्जेंटिनाचे जहाज पहिले पर्यटक घेऊन साउथ शेटलंड बेटांकडे गेले आणि १९६६ साली लिंडब्लाडची पहिली सहल निघाली. १९९२-९३ च्या हंगामात अंटार्क्टिकाला सुमारे ६,७०० पर्यटक गेले. २०२३-२४ मध्ये ही संख्या १ लाख २० हजारांच्या वर गेली. तीस वर्षांत सुमारे अठरापट.

५/ आता दाव्याकडे. ‘पाहिल्याने राखले जाते’ हे खरे असेल, तर ज्यांनी हे किनारे सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून पाहिले त्यांनी ते सर्वाधिक राखले असते. ते लोक कोण होते? सीलची शिकार करणारे दर्यावर्दी. १८१९ मध्ये विल्यम स्मिथ या इंग्रज कप्तानाला साउथ शेटलंड बेटे दिसली. पाठोपाठ ब्रिटिश आणि अमेरिकन शिकारी जहाजांची तेथे रीघ लागली. कोणत्या खाडीत नांगर टाकावा आणि कोणत्या महिन्यात माद्या पिलांना जन्म देतात, हे त्यांना तोंडपाठ होते.

६/ त्यांच्यापैकी एक जेम्स वेडेल. आजच्या वेडेल समुद्राला याच कप्तानाचे नाव आहे. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत त्या बेटांवरून सुमारे ३,२०,००० सीलची कातडी नेली गेली, असा अंदाज त्याने स्वतः नोंदवला. काही वर्षांतच तेथील फर सील जवळजवळ संपले. याहून महत्त्वाची त्याची दुसरी नोंद आहे. पिले मोठी होईपर्यंत माद्यांना हात लावला नसता, तर दरवर्षी कातडी मिळत राहिली असती, हे त्याला पुरते कळले होते. प्लाटा नदीच्या मुखाशी असलेल्या लोबोस बेटाचे उदाहरणही त्याने दिले. तेथे माँटेव्हिडिओचा गव्हर्नर शिकारीवर निर्बंध घालत असे.

७/ वेडेलच्या या नोंदीत सगळा वाद सामावला आहे. ज्ञान होते, हळहळही होती. नव्हता तो नियम, आणि नियम पाळायला लावणारी सत्ता. लोबोसवर गव्हर्नर होता, साउथ शेटलंडला कोणीच नव्हते.

८/ सीलनंतर देवमाशांची पाळी आली. कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन कप्तानाने १९०४ मध्ये साउथ जॉर्जिया बेटावर ग्रित्विकेन हे केंद्र वसवले. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या एका बेटावर सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. तेथे राबणाऱ्या माणसांइतके देवमासे आजच्या कोणत्याही पर्यटकाने पाहिलेले नाहीत. आज त्याच ग्रित्विकेनच्या गंजलेल्या टाक्यांपुढे आणि डिसेप्शन बेटावरच्या पडक्या तेलभट्ट्यांपुढे प्रवासी छायाचित्रे काढतात.

९/ येथे आक्षेप येईल : ते शिकारी होते, यांच्या हाती कॅमेरा आहे. आक्षेप रास्त आहे. पर्यटकाला शिकाऱ्याच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. मग शिकारी बाजूला ठेवून अंटार्क्टिकाच्या रक्षणातील सर्वांत मोठा विजय कोणी मिळवला, ते पाहावे. तो विजय खाणबंदीचा होय.

१०/ जून १९८८ मध्ये वेलिंग्टन येथे एक करार तयार झाला. अंटार्क्टिकातील खनिजे कोणत्या अटींवर काढता येतील, हे त्यात ठरवले होते. म्हणजे खाणींचे दार किलकिले झाले होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बॉब हॉक आणि फ्रान्सचे पंतप्रधान मिशेल रोकार यांनी त्याला नकार दिला आणि करार कोसळला. त्याच्या जागी ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिदमध्ये पर्यावरण-संरक्षणाच्या मसुद्यावर सह्या झाल्या. त्याच्या सातव्या कलमाने वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांसंबंधीचा प्रत्येक उद्योग निषिद्ध ठरवला. १४ जानेवारी १९९८ पासून हा मसुदा लागू आहे.

११/ हा दबाव आला कोठून? सागरसंशोधक झाक-ईव्ह कुस्तो यांनी मोहीम उघडली आणि लाखो लोकांनी सह्या केल्या. पर्यावरणवादी संघटना आणि अनेक शास्त्रज्ञ उभे राहिले. त्या काळी अंटार्क्टिकाला जाणारे पर्यटक वर्षाला काही हजार होते. म्हणजे सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो खंड कधीच पाहिला नव्हता. न पाहिलेल्या भूमीसाठी माणसे उभी राहिली आणि जिंकली. ‘पाहिल्यावाचून राखता येत नाही’ या वाक्याचे याहून स्पष्ट खंडन कोणते?

१२/ त्याच वर्षी पर्यटकांची जहाजे काय करत होती? २८ जानेवारी १९८९ रोजी अर्जेंटिनाच्या नौदलाचे ‘बाहिया पाराइसो’ हे रसदवाहू जहाज अमेरिकेच्या पामर केंद्राजवळ खडकावर आदळले. त्यावर पर्यटकही होते. सुमारे ६ लाख लिटर इंधन समुद्रात सांडले. जूनमध्ये स्पिट्सबर्गेनजवळ ‘मॅक्सिम गोर्की’ हे सोव्हिएत जहाज बर्फात फाटले. साडेनऊशेच्या आसपास माणसे नॉर्वेच्या तटरक्षक दलामुळे वाचली. राजदूतांचे रक्षण करायला इतरांना धावावे लागले.

१३/ नियम काय करू शकतो, याचाही दाखला आहे. १ ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जड इंधन तेल वापरण्यास आणि वाहून नेण्यास बंदी आली. त्या एका अटीने महाकाय जहाजांची वर्दळ लगेच घटली. जे काम चाळीस वर्षांच्या प्रबोधनाने केले नव्हते, ते एका कलमाने एका हंगामात केले.

१४/ आता किंमत. अंटार्क्टिकाचा बर्फमुक्त भाग अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. पेंग्विन घरटी तेथेच करतात आणि माणसांच्या रबरी होड्याही तेथेच लागतात. पर्यटनाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पिले वाढतात तीही याच महिन्यांत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जहाजांच्या धुराची काजळी बर्फ काळवंडवते आणि वितळवते, याचे मोजमाप झाले. २०१६ ते २०२० या काळात प्रत्येक पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ अधिक वितळला, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘वितळण्यापूर्वी पाहून घ्या’ असे सांगणाऱ्या जाहिरातीत हा आकडा छापला जात नाही.

१५/ उत्तरेत चित्र निराळे नाही. जुलै २०१८ मध्ये स्वालबार्डच्या उत्तरेकडील एका बेटावर पर्यटक उतरण्यापूर्वी जागा तपासायला पहारेकरी गेले. ध्रुवीय अस्वलाने त्यांच्यापैकी एकावर हल्ला केला आणि अस्वल गोळीने मारले गेले. ज्याला पाहण्यासाठी जहाज आले, तोच प्राणी जहाजाच्या येण्याने मेला. सप्टेंबर २०२३ मध्ये ईशान्य ग्रीनलंडच्या निर्मनुष्य राष्ट्रीय उद्यानात ‘ओशन एक्स्प्लोरर’ हे जहाज २०६ जणांसह चिखलात रुतले. तीन दिवसांनी एका संशोधन-जहाजाने ते ओढून काढले.

१६/ न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा. सात कंपन्यांनी १९९१ मध्ये अंटार्क्टिक पर्यटन-चालकांची संघटना स्थापली. एका वेळी शंभराहून अधिक जणांनी किनाऱ्यावर उतरू नये, पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहावे, बूट निर्जंतुक करावेत, असे तिचे नियम आहेत. ते चांगले आहेत आणि बहुतांशी पाळले जातात. शास्त्रज्ञही धुतल्या तांदळासारखे नाहीत. परक्या वनस्पतींची बीजे कपड्यांतून कोण आणते, हे तपासणाऱ्या २०१२ च्या अभ्यासात दरडोई हिशेबात संशोधक पर्यटकांच्या पुढे निघाले. पण शास्त्रज्ञ दोषी ठरले म्हणून पर्यटन निर्दोष ठरत नाही. शिवाय ऐच्छिक नियम सदस्यांना बांधतात, बाहेरच्याला नाही. उद्या एखादी कंपनी संघटनेतून बाहेर पडली, तर तिला थांबवणार कोण?

१७/ हे काम अंटार्क्टिक कराराचे. २००९ मध्ये सदस्यराष्ट्रांनी ठराव केला : पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाने माणसे किनाऱ्यावर उतरवू नयेत, आणि एका वेळी शंभराहून अधिक जण उतरू नयेत. हा ठराव बंधनकारक व्हायला सर्व मतदार राष्ट्रांची मंजुरी लागते. दीड दशक उलटले तरी ती पूर्ण झालेली नाही. आणि तो लागू झाला, तरी वर्षाला एकूण किती पर्यटक यावेत यावर कोणतीही कायदेशीर मर्यादा नाहीच. वेडेलच्या काळी गव्हर्नर नव्हता. आज गव्हर्नरांची सभा आहे, निर्णय नाही.

१८/ सत्ता असली की काय होते, ते स्वालबार्डमध्ये दिसते. नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून तेथील संरक्षित क्षेत्रांत जहाजावर २०० प्रवाशांची मर्यादा घातली, उतरण्याच्या जागा ४३ वर आणल्या आणि अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर सक्तीचे केले. व्यवसाय कुरकुरला, पण बुडाला नाही.

१९/ या प्रश्नाशी भारताचा संबंध जुना आहे. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही वास्कोत आहे. १९८३ पासून भारत करारातील मतदार राष्ट्र आहे. २०२२ मध्ये संसदेने अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदा केला. मे २०२४ मध्ये कराराची वार्षिक बैठक कोचीत भरली आणि पर्यटनाच्या नियमनासाठी चौकट आखण्याची चर्चा तेथे सुरू झाली. करारात निर्णय एकमताने होतात. म्हणजे भारताचा आवाज इतर कोणाहीपेक्षा हलका नाही.

२०/ मागणी तीन गोष्टींची हवी : २००९ चा ठराव लागू व्हावा, हंगामी पर्यटकसंख्येला कायदेशीर मर्यादा यावी, आणि आधी परीक्षण झाल्याखेरीज उतरण्याची नवी जागा उघडू नये. या मागणीसाठी ड्रेक सामुद्रधुनी ओलांडावी लागत नाही. १९८९ मध्ये सह्या करणाऱ्यांनीही ती ओलांडली नव्हती.

२१/ राहिला ‘राजदूत’ हा शब्द. राजदूताला कोणीतरी नेमते, त्याला आदेश असतात आणि त्याला जाब द्यावा लागतो. पेंग्विनांनी कोणाला नेमलेले नाही. जो जातो तो पाहुणा, आणि पाहुण्यांची संख्या यजमान ठरवतो. येथे यजमान बोलू शकत नाही. त्याच्या वतीने ती संख्या कायद्याने ठरवायची आहे, आणि तो कायदा मागण्याचा अधिकार घरी बसलेल्यांनाही तेवढाच आहे.

(धागा समाप्त)