खांडबाऱ्याच्या तीन मोटारी

गेल्या ज्येष्ठांत खांडबाऱ्याहून एका निवृत्त शिक्षकांचें पत्र आम्हांस आलें. या सदराकडे येणारीं पत्रें बहुधा अमुक मोटार एका लिटरांत किती किलोमीटर धांवते, अशा मासल्याचीं असतात. हें पत्र निराळें होतें. घरांत अकरा माणसें. तीन पिढ्या एका चुलीवर जेवणाऱ्या. आणि अंगणांत मोटारीही तीन पिढ्यांच्याच. पहिली १९९३ सालची मारुति ८००, दुसरी २००७ सालची पेट्रोलवरील स्विफ्ट, आणि तिसरी, पुण्यास नोकरी करणाऱ्या नातवानें जुन्या बाजारांतून घेतलेली २०१४ सालची पोलो जीटी. पत्रांतील प्रश्न आम्ही त्यांच्याच शब्दांत देतों : "नातू म्हणतो कीं त्याची गाडी आमच्या दोन्ही गाड्यांहून वेगवान आहे आणि अधिक सुरक्षितही आहे. हीं दोन विशेषणें एकाच वस्तूस कशीं लागूं शकतात, हें मला उमगत नाहीं. त्याच्या आजीला दर महिन्यास डोळे दाखविण्यासाठीं धुळ्यास न्यावें लागतें. ती त्या गाडींत पाय ठेवावयास तयार नाहीं, आणि घरांत यावरून अबोला आहे."

अबोल्याचें कारण मोटार असेल तर तें आमच्या सदराच्या कक्षेंत येतें, असें समजून आम्ही आषाढाच्या पहिल्या आठवड्यांत निघालों. सुरतेकडून येणाऱ्या ताप्ती व्हॅलीच्या गाडीनें नवापूर मागें टाकलें. त्या स्टेशनाचा फलाट अर्धा गुजराथेंत व अर्धा महाराष्ट्रांत आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. खांडबाऱ्यास उतरलों तेव्हां पाऊस झिमझिमत होता. घरासमोर तिन्ही गाड्या ओळीनें उभ्या होत्या, आणि त्यांच्या नंबरांच्या पाट्या वाचल्या तरी घराचा इतिहास कळत होता. ८०० वर धुळ्याचा एमएच १८, कारण १९९८ च्या जुलैपर्यंत नंदुरबार हा जिल्हाच नव्हता. स्विफ्टवर नंदुरबारचा एमएच ३९. आणि पोलोवर पिंपरी-चिंचवडचा एमएच १४.

या तिघींचें एक गोत्र आहे : तिघींचें एंजिन पुढें आडवें बसविलेलें असून तें पुढचींच चाकें फिरवितें. आपल्याकडे बैल गाडीच्या पुढें जुंपतात, मागून ढकलावयास लावीत नाहींत. तरीही मोटारी बनविणाऱ्यांनीं कित्येक वर्षें मागचींच चाकें फिरविलीं. फ्रान्समध्यें सित्रोएननें १९३४ सालीं पुढून ओढणारी मोटार मोठ्या प्रमाणावर काढली. पुढें १९५९ सालीं इंग्लंडांत अ‍ॅलेक इसिगोनिस यांनीं मिनी गाडींत एंजिन आडवें ठेवून एवढ्याशा खोक्यांत चार माणसांची जागा काढून दाखविली. मागें जाणारा दांडा नाहींसा झाल्यामुळें माणसांस जागा मिळाली आणि वजन कमी झालें. आपल्याकडे अँबॅसडर आणि कुर्ल्यास बनणारी पद्मिनी या दोन्ही मागून ढकलल्या जाणाऱ्या गाड्या. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० ची पहिली किल्ली दिली गेली, तेव्हांपासून मध्यमवर्गाचें कुटुंब पुढच्या चाकांमागें चालूं लागलें तें आजतागायत.

प्रथम आम्ही ८०० चालविली. ७९६ घनसेंटिमीटरचें तीन सिलिंडरांचें एंजिन, चाळिसाच्या आंतबाहेर अश्वशक्ति, बारा इंची चाकें आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. विसरवाडीच्या रस्त्यावर ती ताशीं साठ किलोमीटरला अशी कांहीं आवेशानें ओरडते कीं, आपण कांहीं तरी पराक्रम करीत आहों असें वाटावें. स्टिअरिंगमधून रस्त्यावरचा खडान् खडा हाताला कळतो. ब्रेक दाबल्यावर मात्र मनांत एक ओळ रामरक्षा म्हणून होते. गुरुजी शेजारीं बसले होते. ते म्हणाले, "हिनें आम्हांला कधीं दगा दिला नाहीं." आम्ही म्हटलें, "गुरुजी, आपण तिला कधीं संधीच दिली नाहीं." ते हंसले; परंतु पुढें जें घडलें त्यानंतर आम्हांला आमचा विनोद फारसा आवडला नाहीं.

स्विफ्टविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण एकाच नांवाखालीं पिढी कशी बदलते हें तिच्याइतकें स्पष्ट दुसऱ्या गाडींत दिसत नाहीं. २००५ सालीं ती आपल्याकडे आली तेव्हां तिचें एंजिन १.३ लिटरचें व ८७ अश्वशक्तीचें होतें, आणि वजन हजार किलोंच्या घरांत. २०११ सालीं दुसरी पिढी आली, एंजिन १.२ लिटरचें झालें तरी शक्ति तेवढीच राहिली. २०१८ सालच्या तिसऱ्या पिढींत शक्ति ८३ वर उतरली. परंतु पेट्रोलच्या गाडीचें वजनही नऊशे किलोंच्या आंत आलें, म्हणून कागदावर दुबळी झालेली गाडी रस्त्यावर अधिक चपळ ठरली. २०२१ सालीं शक्ति पुन्हा नव्वदीस टेकली. आणि २०२४ सालच्या चौथ्या पिढींत चाराऐवजीं तीनच सिलिंडर राहून ती ८२ वर आली, व कंपनीनें लिटरमागें पंचवीस किलोमीटरच्या आसपास आंकडा जाहीर केला. म्हणजे वीस वर्षांत शक्ति जेथल्या तेथेंच! तरुण मंडळी यावर नाक मुरडतात. आमचें मत विचाराल तर हाताला गोड लागणारी पहिलीच पिढी. चौथीचें एंजिन शहाणें आहे, पण त्यांत गाणें नाहीं.

खरी शक्तिमान भावंडें आपल्या पुणें जिल्ह्यांतच जन्मलीं. रांजणगांवच्या कारखान्यांतून २०१५ सालीं बाहेर पडलेली अबार्थ पुंटो १४५ अश्वशक्तीची होती. शून्यापासून शंभरापर्यंत ८.८ सेकंद असा तिचा दावा होता, आणि किंमत दहा लाखांच्या आंत. चाकणची पोलो जीटी २०१३ सालची : १.२ लिटरचें लहानसें एंजिन, परंतु टर्बोच्या साह्यानें १०५ अश्वशक्ति, आणि सात गिअर आपले आपण बदलणारी दोन क्लचांची पेटी. २०१६ सालीं त्याच कुळांतील १९२ अश्वशक्तीची पोलो जीटीआय परदेशांतून आणली गेली, तीही फक्त ९९. अबार्थ बंद झाली, पोलोही २०२२ सालीं बंद झाली, आणि २०२५ सालीं गोल्फ जीटीआय आली ती त्रेपन्न लाखांच्या घरांत. ही गोल्फ म्हणजे या सर्व जातीची आजीबाई. १९७६ सालच्या पहिल्या जीटीआयची शक्ति होती ११०, आणि वजन आठशें दहा किलो. आजचीची शक्ति २६५, वजन साडेचौदाशें किलोंच्या आसपास. माणसाप्रमाणेंच मोटारीलाही संसारांत सुबत्ता आली कीं अंग सुटतें.

आतां गुरुजींचा प्रश्न. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही विसरवाडीहून धुळ्याच्या महामार्गाला लागून कोंडाईबारीचा घाट दोनदां केला; एकदां पोलोंतून, एकदां स्विफ्टमधून. या घाटाचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें बहुधा अपघाताच्या बातमींतच. पोलोंत आम्ही पांच जण होतों आणि मागें सामान. चढावर एक मालमोटार अडली म्हणून थांबावें लागलें. पुन्हा निघतांना पुढचें एक चाक ओल्या रस्त्यावर क्षणभर नुसतेंच फिरलें. हा दोष पोलोचा नव्हे. पुढून ओढणाऱ्या प्रत्येक गाडीचा आहे. चढावर, त्यांतून मागें माणसें कोंबलेलीं असतां, वजन मागच्या चाकांवर जातें आणि ओढणारीं चाकें हलकीं होतात. एकत्र कुटुंबाच्या गाडीला हा अनुभव वारंवार येणार. पोलोंत समोर एक पिवळा दिवा लुकलुकला, गाडीनें आपण होऊन त्या चाकाची शक्ति आवरली, आणि आम्ही निघालों.

परततांना स्विफ्ट आमच्या हातीं होती. गुरुजी मागें, नातू शेजारीं. उतार, पाऊस, आणि डावीकडे वळत जाणारें वळण. वेग पन्नाससाठांच्या मधें असेल. परंतु त्या वळणाला तो अधिकच होता, हें आम्ही प्रामाणिकपणें कबूल करितों. वळणाच्या मध्यावर वेग अधिक झाला असें वाटून आम्ही पाय झटकन् उचलला. उतारावर वजन आधींच पुढें असतें. पाय उचलतांच आणखी पुढें गेलें. मागचीं चाकें हलकीं झालीं आणि गाडीचें शेंपूट उजवीकडे, समोरून येणाऱ्या मालमोटारीच्या दिशेनें, सुटलें. नातू ओरडला, "काका, ब्रेक नको!" ब्रेक दाबला असता तर हा लेख लिहावयास आम्ही राहिलों नसतों. स्टिअरिंग उलट फिरवून गाडी कशीबशी सांवरली. मालमोटार भोंगा वाजवीत हातभर अंतरावरून निघून गेली. मागच्या बांकावरून गुरुजी इतकेंच म्हणाले, "चहा घेऊं या कुठें तरी."

चहाच्या टपरीपाशीं नातवानें चाकें तपासलीं. पुढचे दोन टायर कोरे, मागचे दोन जवळजवळ गुळगुळीत. गुरुजी म्हणाले कीं, महिन्यापूर्वीं दोनच नवे टायर घेतले, आणि दुकानदारानें सांगितलें, "गाडी पुढून ओढते, नवे पुढेंच टाका." हा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि तो ऐकावयास इतका सयुक्तिक वाटतो कीं आम्हीही कोणे एके काळीं तो इतरांस दिला आहे. परंतु तो चुकीचा आहे. पुढचीं चाकें घसरलीं तर गाडी सरळ जाऊं पाहते. तें हाताला लगेच कळतें, आणि वेग हळूहळू कमी केल्यास बहुधा सांवरतां येतें. मागचीं घसरलीं तर गाडी गिरकी घेते, आणि ती सामान्य माणसाच्या हातीं राहत नाहीं. म्हणून दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील तर ते मागें घालावे, गाडी पुढून ओढणारी असो कीं मागून ढकलणारी. मागचे अर्धवट झिजलेले पुढें आणावे, आणि गुळगुळीत झालेले फेंकून द्यावे.

चहा पितांपितां आम्ही गुरुजींच्या पत्राचें उत्तर तोंडींच दिलें. ८०० आणि ही स्विफ्ट यांत हवेच्या पिशव्या नाहींत. ब्रेक दाबल्यावर चाकें जाम होऊं न देणारी यंत्रणा नाहीं. आणि शेंपूट सुटूं लागतांच एकेका चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणें लावून गाडी सरळ करणारी यंत्रणाही नाहीं. पोलो जीटींत हीं तिन्ही आहेत. २०१४ सालच्या ग्लोबल एनकॅपच्या चांचणींत त्याच पोलोला पिशव्यांविना शून्य तारे मिळाले आणि दोन पिशव्यांसह चार. स्विफ्टच्या दुसऱ्या पिढीला पिशव्यांविना त्याच वर्षीं शून्य. पुण्यास बनणाऱ्या टाटांच्या अल्ट्रोजला २०२० सालीं पांच मिळाले. स्विफ्टच्या चौथ्या पिढींत सहा पिशव्या आणि ती गाडी सांवरणारी यंत्रणा सर्वांत स्वस्त गाडींतही आहे. पहिल्या पिढीचें आम्ही केलेलें कौतुक या आंकड्यांपुढें लटकें पडतें, हें आम्हांस दिसतें. वेग हा गाडीचा गुण असला तरी तो रस्त्यावर आणतो पाय, आणि पाय माणसाचा असतो. ज्या वळणावर आम्ही वेग साधला तो ८०० लाही साधतां आला असता. फरक एवढाच कीं, चुकल्यावर कोणती गाडी किती माफ करिते.

"म्हणजे नातू खरें बोलतो?" गुरुजींनीं विचारलें.

"गाडीविषयीं खरें बोलतो," आम्ही म्हटलें. "स्वतःविषयीं तो काय बोलतो, हें आपण त्याला विचारावें."

नातू खालीं मान घालून बिस्किट मोडीत होता. मग म्हणाला, "आजोबा, मागच्या दिवाळींत या घाटांत मी एकशें दहानें आलों होतों. आजीला तें काकूनें सांगितलें. म्हणून ती बसत नाहीं." आजीच्या हट्टामागें शास्त्र नव्हतें असें आम्ही येतांना समजत होतों, तिच्यापाशीं आमच्याहून अधिक पुरावा होता. गुरुजी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "तूं हें तिला स्वतः सांग." संध्याकाळीं त्यानें सांगितलें. स्वयंपाकघरांतून काय उत्तर आलें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं, परंतु रात्रीच्या पंक्तीला त्याच्या ताटांत वाढणारा हात आजीचा होता.

दुसऱ्याच दिवशीं स्विफ्टचे दोन नवे टायर मागें गेले आणि पुढें आणखी दोन नवे आले. भाद्रपदांत गुरुजींचें दुसरें पत्र आलें. आजी धुळ्यास पोलोंतून जाऊन आली. नातू गाडी हांकत होता, आणि घाटांत आपल्याला मोटारसायकलवाल्यांनीं देखील मागें टाकलें, अशी त्याची तक्रार आहे. आजीची तक्रार निराळी : मागच्या बांकावर गुडघे दुमडून बसावें लागतें, आणि एवढ्या पैशांत गाडी आणखी चार बोटें लांब कां करीत नाहींत, हें त्या मासिकवाल्यांना विचार. ८०० बाजारांतून भाजी आणावयास ठेविली आहे.