पाना कुणाकडे?

गेल्या हिवाळ्यात सहकुटुंब बसवकल्याणला जाण्याचा योग आला. त्याच तालुक्यातल्या मंठाळजवळ गाडीच्या इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण एका बाजूने निसटून रस्त्याला घासू लागले. गावातल्या एका मेकॅनिककडे गेलो. उरलेले स्क्रू काढून आवरण पुन्हा नीट बसवायचे, एवढेच काम.

त्याच्या फळीवर दहा-अकरा, बारा-तेरापासून सगळे पाने, गोटी पाने, एलन की ओळीने मांडलेल्या. पण आमच्या स्क्रूच्या डोक्यात सहा टोकांची चांदणी आणि मधोमध एक खुंटी! खाली वाकून पाहून तो म्हणाला, "साहेब, गाडीला काही झालं नाही. माझ्याकडं पाना नाही." शेवटी तारेने बांधून दिले. गोव्यात परतल्यावर योग्य पाना लागताच तेच काम पाच मिनिटांत झाले.

मी कारकून, त्यातून कला शाखेचा. यंत्रातले मला फारसे कळत नाही. तरी वाचले. आट्यांचे माप सगळीकडे एकच असावे, असे व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्येच सुचवले होते. आपल्याकडे अॅम्बॅसॅडरला इंचाचे पाने लागत, पद्मिनीला मिलिमीटरचे. १९८३ मध्ये मारुती आली आणि दहा, बारा, चौदा, सतरा एवढ्या आकड्यांवर गावोगावची गॅरेजे चालू लागली.

चांदणीचा स्क्रू वाईट नव्हे. त्यात पाना घसरत नाही, कारखान्यात यंत्राने आवळायलाही तो सोयीचा. माझा आक्षेप आहे तो मधल्या खुंटीला. ती घट्टपणा वाढवत नाही. फक्त साधा पाना आत शिरू देत नाही. एअरबॅगसारख्या ठिकाणी ते समजू शकते. चिखल अडवणाऱ्या प्लास्टिकला एवढा बंदोबस्त कशाला?

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही विचार होता. माझी मागणी कारकुनी आहे: गाडीच्या पुस्तिकेत कुठे कोणता पाना लागतो याची यादी छापावी आणि तो पाना बाजारात कुणालाही मिळावा.

बाराव्या शतकात याच कल्याणात बसवेश्वरादी शरणांनी हाताच्या कामाला, 'कायका'ला, पूजेचा मान दिला. तिथून जवळच्या गावातला कसबी माणूस एका खुंटीपायी अडाणी ठरावा, हे मला पटत नाही. तुम्हाला पटते?